चिंच देवाच्या तांब्याला ठीक, नाण्याला नको

आमच्या मराठवाड्यात माळ्यावरची जुनी पत्र्याची पेटी उघडली की तळाशी निजामाच्या काळातलं काहीतरी निघतंच, हाली शिक्क्याचा (म्हणजे निजामाच्या स्वतःच्या चलनाचा) चारमिनारवाला रुपया, तांब्याच्या पै, नशीब असेल तर त्याहून जुनी एखादी शिवराई, मराठ्यांचं तांब्याचं नाणं. अन् लगेच घरातलं कुणीतरी म्हणतं, आण चिंच, लख्ख करू. मी पण केलंय. शाळेत असताना आजीची दोन पै चिंच अन् चुलीतल्या राखेनं अशी घासली की नाणं गुलाबी झालं अन् बारीक अक्षरं बोथट झाली, आजी खुश, पण नाणी जमवणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं कपाळावर हात मारला.

कारण तो चॉकलेटी थर मळ नसतोच. तांब्याचा हवेशी संयोग होऊन तो तयार होतो, म्हणजे तो नाण्याचाच भाग, अन् खालच्या धातूला झाकून ठेवतो. चिंचेतलं टार्टारिक ॲसिड तो विरघळवतं, मग उघडं पडलेलं तांबं परत काळवंडतं, परत घासा, परत थोडं नाणं गेलं. देवाचा तांब्या जाड असतो, त्याच्यावर वाचायला काही नसतं, म्हणून तिथं चालतं. चांदीचा काळपटपणा म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. गरम पाणी, खायचा सोडा अन् ॲल्युमिनियम फॉइल हा जुगाड केमिस्ट्री म्हणून भारी आहे, गंधक निघून जातो, चांदी राहते, पण रुपया कालच पाडल्यासारखा पांढराफटक दिसतो अन् हौशी लोकं भाव पाडून मागतात.

माती तेवढी काढा. डिस्टिल्ड वॉटरमधे एक-दोन दिवस भिजवा, पाणी बदला, सुती कापडानं टिपा, घासू नका. तेलकट असेल तर शुद्ध ॲसिटोन, पण ते भुर्रकन पेटतं, गॅसजवळ नको.

फिकट हिरवी भुकटी झडत असेल तर मात्र गप्प बसू नका. तांब्यात क्लोराइड शिरलेलं असतं, ओलावा मिळाला की त्यातून ॲसिड बनतं, ते अजून तांबं खातं, असं चक्र चालूच राहतं. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं करा, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कोरड्या डबीत ठेवा अन् जाणकाराला दाखवा.

पैठण अन् तेर या गावांकडं सापडणारी सातवाहन राजांची शिशाची नाणी तर लिंबू-व्हिनेगरपासून लांबच ठेवा, लाकडी डबीतसुद्धा नको, लाकडातून निघणारी आंबट वाफ शिसं खाते. अन् कुठलंही नाणं नांगरताना सापडलेलं असेल तर धुवायच्या आधी कलेक्टर ऑफिसला कळवा, १८७८ पासून तसा कायदाच आहे.