मांजर कण्हत नाही

नसबंदीचं ऑपरेशन होऊन दोन तास झालेत. मांजर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलीय. ओरडत नाही, फिस्कारत नाही. घाईत असलेला कुणीही फोनवर मालकाला सांगेल, 'एकदम शांत आहे.' मुरलेली नर्स मात्र पिंजऱ्यासमोर उकिडवी बसते आणि अर्धा मिनिट नुसता तिचा चेहरा बघते.

मांजर शिकार करते, तशी तिचीही शिकार होते. दुखणं उघड केलं तर जिवाशी गाठ, म्हणून ती ते लपवते. चेहऱ्यावर मात्र ते थोडंफार उमटतंच. माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ते वाचायची मोजपट्टीच दिली. कान, डोळे, मुसकट, मिशा आणि डोकं, प्रत्येकाला ० ते २ गुण. कान बाजूला फाकलेत, डोळे आवळलेत, मुसकट ताणलंय, मिशा ताठ झाल्यात, डोकं खांद्यांच्या खाली गेलंय. १० पैकी ४ भरले, की वेदनाशामक द्यायचा विचार करायचा. झोपलेल्या किंवा अंग चाटणाऱ्या मांजरीला गुण द्यायचे नाहीत, थांबायचं. 'बिचारी गं' म्हणून हळहळणं सोपं, हे थांबणं अवघड.

भीतीचंही तसंच. घाबरलेल्या मांजरीच्या रक्तातली साखर इतकी चढू शकते की धडधाकट मांजर मधुमेही वाटावी. शेजारी कुत्रा भुंकतोय, दोघांनी मानगूट धरलीय, अशात घेतलेल्या रक्ताचा आकडा आजाराचा की धास्तीचा? म्हणून अंगावर टॉवेल टाकणं, आवाज खाली ठेवणं हे लाड नव्हेत. तोही तपासणीचाच भाग.

नुसत्या मायेने घातही होतो. ताप वाटला म्हणून कुणी घरातली अर्धी पॅरासिटामॉल मांजरीला देतं. आपलं यकृत जो एन्झाइम वापरून हे औषध निकामी करतं, तो मांजरीत जवळपास नसतोच. विषारी घटक साठतात, रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात. उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो. आणि त्यासाठी आधी मालकाने खरं सांगावं लागतं. 'काय दिलंत हिला?' असं दरडावलं, की उत्तर येतं, 'काहीच नाही.' जाणती नर्स खुर्ची पुढे सरकवते, पाणी देते आणि साध्या आवाजात विचारते, 'काकू, गोळी अर्धी होती की पाव? किती वाजता दिलीत?'