पदाधिकारी आणि कार्यकर्ता: बिझनेस ऑनर्सच्या अर्जातला नेहमीचा घोळ

दर हिवाळ्यात ऑस्टिनमधल्या मराठी मुलांचे रेझ्युमे माझ्याकडे वाचायला येतात. काही इथेच वाढलेली, काही पुण्या-ठाण्याहून शिकायला आलेली. युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस, ऑस्टिनच्या मॅककॉम्ब्स बिझनेस स्कूलमध्ये कॅनफिल्ड बिझनेस ऑनर्स प्रोग्राम आहे. शाळा संपताना तिथे थेट जागा मिळाली नाही, तरी विद्यापीठातल्या पहिल्या वर्षात पुन्हा अर्ज करून दुसऱ्या वर्षापासून आत जाता येतं. हे रेझ्युमे त्या दुसऱ्या दारासाठी असतात. आणि दर हिवाळ्यात मी तेच वाचते: सहा क्लब, चार पदं, आणि मुलाने नेमकं काय केलं हे सांगणारी एकही ओळ नाही.

पालकांशी बोलले की घोळ कुठून येतो ते कळतं. विद्यापीठाच्या आवारात तुम्ही काय काय करता, म्हणजे अर्जातल्या ‘कॅम्पस इन्व्हॉल्व्हमेंट’चं भाषांतर ते मनातल्या मनात ‘सहभाग’ असं करतात, आणि सहभाग म्हटलं की डोळ्यांसमोर प्रमाणपत्र उभं राहतं. या दोन गोष्टी एक नाहीत. त्यांतला फरक कळला नाही तर हुशार मुलाचाही अर्ज पडतो.

त्याआधी ‘ऑनर्स’ या शब्दाचे बाकीचे गोंधळ झटपट उरकते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे चार वर्षं पूर्ण केली की पदवीपुढे ‘ऑनर्स’ लागतं. त्यासाठी किमान 160 क्रेडिट लागतात. तो अभ्यासक्रमाच्या लांबीचा प्रश्न आहे. अमेरिकेत ‘कम लाउडे’, ‘मॅग्ना कम लाउडे’ असा गौरवाचा शेरा पदवीवर येतो तो शेवटच्या गुणांवरून, त्यासाठी अर्ज नसतो. बिझनेस ऑनर्स प्रोग्राम हे तिसरंच प्रकरण. तिथे वेगळा प्रवेश, वेगळे छोटे वर्ग, सोबतीला तीच तीच मुलं, आणि शिकवण्याचा बराचसा भाग केस, म्हणजे एखाद्या धंद्यातला प्रसंग, मांडून त्यावर चर्चा करण्याचा.

आणि ‘ऑनर सोसायटी’ म्हणजे ऑनर्स प्रोग्राम नव्हे. 1913 साली स्थापन झालेली बीटा गॅमा सिग्मा ही व्यवसाय शिक्षणातली मानाची संस्था आहे. तिचं निमंत्रण येतं ते वर्गातल्या वरच्या मुलांना, शिक्षण चालू असताना, गुणांवरून. पण अशा जुन्या संस्थांच्या जोडीला फी भरा आणि सदस्य व्हा म्हणणारी पत्रंही घरी येतात. ती फी भरून रेझ्युमेवर ‘ऑनर’ हा शब्द आणला तर वाचणाऱ्याला तो लगेच ओळखू येतो. कृपा करून पैसे वाचवा.

गुणांबद्दल एकच वाक्य. कॅल्क्युलसमध्ये घसरलेला जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, कोणत्याही क्लबने सावरत नाही.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना दोनच जागा आहेत. एक तर त्या गुणांत बदलतात: इंटरमिजिएट ड्रॉइंगची श्रेणी मिळाली की दहावीला वाढीव गुण, खेळात राज्य पातळीवर गेलं की वाढीव गुण, एनएसएसचे वर्षाला 120 तास पूर्ण केले की प्रमाणपत्र आणि त्याचे पुढचे फायदे. नाहीतर त्या ‘नसते उद्योग’ ठरतात, कारण सीईटीच्या गुणपत्रिकेला तुम्ही नाटकात होतात की नाही याच्याशी काही घेणं नाही. दोन्ही ठिकाणी विचार एकच आहे: काम संपलं, कागद हातात आला, कागदाची किंमत ठरलेली. त्यामुळे मूल अमेरिकेत पोचलं की आई-बाबा फोनवर विचारतात, ‘किती क्लब झाले?’ मोजायची सवय लागलेली असते, आणि ती आपल्याच व्यवस्थेने लावलेली आहे. शाळेतून कॉलेजला जाताना अनेक विद्यापीठांसाठी भरायचा कॉमन ॲप हा सामाईक अर्जही ती सवय वाढवतो. त्यात उपक्रमांसाठी दहा रकाने असतात, आणि दहा रकाने दिसले की दहा भरायचा मोह होतो.

ऑनर्सची समिती मात्र बेरीज करत नाही. तिने काय शोधायचं हे त्या वर्गाच्या स्वरूपावरूनच ठरतं. वर्ग चर्चेवर चालतो, अर्धं काम गटात होतं. गटातला एक जण फक्त नावापुरता असला तर बाकीच्यांचा प्रकल्प बुडतो. म्हणून समितीला एकच कळून घ्यायचं असतं: या मुलावर चार लोकांनी एखादी गोष्ट टाकली तर ती होते का? क्लबची यादी याचं उत्तर देत नाही, कारण यादी फक्त तुम्ही कुठे होतात ते सांगते.

मराठी वाचकाला हे समजावायला मला गणेश मंडळाइतकं चांगलं उदाहरण सापडत नाही. पावतीपुस्तकाच्या मागे कार्यकारिणी छापलेली असते. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस, खजिनदार, सल्लागार. आणि मंडपात रात्री दोन वाजता जनरेटरचं डिझेल संपलं की ज्याला फोन जातो तो माणूस त्या यादीत असेलच असं नाही. त्याला सगळी गल्ली ओळखते. वर्गणीचा हिशोब कुठे अडकलाय, कोणत्या घरी आजारपण आहे म्हणून यंदा मागायचं नाही, विसर्जनाचा ट्रक कोणाकडून येतो हे त्याला पाठ असतं. आपल्या भाषेत या दोघांना दोन वेगळे शब्द आहेत, पदाधिकारी आणि कार्यकर्ता, आणि कोणावर भरवसा ठेवायचा हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. तेच ज्ञान रेझ्युमे लिहिताना आपण विसरतो. इन्व्हॉल्व्हमेंट म्हणजे कार्यकर्ता असणं. पद मिळालं तर चांगलंच, पण त्याचा पुरावा म्हणून उपयोग नाही.

शिवाय पदांची इथे वानवा नाही. या एका विद्यापीठात हजाराहून अधिक विद्यार्थी संघटना आहेत, आणि प्रत्येकीत डायरेक्टर, को-डायरेक्टर, व्हाइस प्रेसिडेंट ऑफ हे आणि ते. अर्ज वाचणाऱ्यांना हे माहीत असतं. मला सर्वात जास्त खटकतं ते म्हणजे पहिल्या सत्रात दोन-चार मित्र जमवून स्वतःची संघटना काढणं, केवळ ‘संस्थापक-अध्यक्ष’ लिहिता यावं म्हणून. त्याच विषयाच्या आठ संघटना आधीच चालू असतात. त्यातल्या एखादीला खुर्च्या लावायला माणूस हवा असतो, पण तिथे जायचं नसतं. मी हे पुसायला सांगते आणि मुलं नाराज होतात. तरी सांगतेच.

दुसऱ्या टोकाची मुलंही असतात, आणि मला त्यांचं जास्त वाईट वाटतं, कारण त्यांनी खरं काम केलेलं असतं आणि ते लपवलेलं असतं. पुण्याहून आलेल्या एका मुलाने कॉलेजात असताना दोन वर्षं पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांची मागची बाजू सांभाळली होती. त्याचा एक शब्द रेझ्युमेवर नव्हता. का, तर ‘मी कुठे अभिनय केला?’ तालमीची जागा मिळवणं, नाटकातलं सामान (प्रॉपर्टी) गोळा करणं, ऐन वेळी बदललेल्या नेपथ्याचा खर्च बसवणं, हे त्याला सांगण्यासारखं वाटलंच नाही. एका मुलीने विद्यापीठाच्या जेवणघरात आठवड्याला पंधरा तास काम केलं होतं. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर वीस तासांपर्यंत काम करता येतं, त्यामुळे परदेशातून आलेल्या पुष्कळ मुलांचा मोकळा वेळ तिथेच जातो. तिने ते लिहिलं नव्हतं, कारण घरून तिला सांगितलं होतं की ताटं उचलल्याचं कशाला सांगायचं. तिच्याशी तासभर बोलल्यावर कळलं की नव्या मुलांना काम शिकवायचं तिच्याकडे होतं, आणि परीक्षेच्या आठवड्यात पाळ्या अदलाबदल करायला तिनेच एक साधा तक्ता सुरू केला होता, तो आता सगळे वापरतात. कॅम्पसवरचं पगारी काम हीसुद्धा इन्व्हॉल्व्हमेंटच आहे. मला तर ती दहा सदस्यत्वांपेक्षा मोलाची वाटते.

फरक ओळखायला मी एकच प्रश्न विचारते: तुम्ही तीन आठवडे गेला नसतात तर कोणाचं काय अडलं असतं? ‘काही नाही’ असं उत्तर आलं तर ते सदस्यत्व. रेझ्युमेवर एका ओळीपेक्षा जास्त जागा त्याला देऊ नये. उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं, एखादी तारीख आली, एखादी किल्ली आली, तर तिथे काम आहे.

मग ते लिहायचंही तसंच. ‘सदस्य, अर्थ समिती’ यात काही नाही. ‘दर मंगळवारच्या सभेनंतर खर्चाच्या पावत्या माझ्याकडे येत, खोळंबलेली बिलं दिसावीत म्हणून त्यांची तारखेनुसार यादी सुरू केली’ यात माणूस दिसतो. दुसऱ्या वाक्यात पद नाही, मोठा शब्द नाही, ‘पॅशनेट’ नाही. हा शब्द मी दिसेल तिथे खोडते. ‘लीडरशिप’ही खोडते, कारण जिथे नेतृत्व केलेलं असतं तिथे तो शब्द लिहायची गरज पडत नाही.

वेळेचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा आहे, आणि तो लोक उलटा समजतात. मूल ऑगस्टच्या शेवटी वर्गात बसतं आणि त्याच शैक्षणिक वर्षात अर्ज करतं. हातात जेमतेम काही महिने. एवढ्यात कोणी कुठल्या जुन्या संघटनेचा अध्यक्ष होत नाही, आणि समितीही तशी अपेक्षा धरत नाही. म्हणजे पदांच्या मागे धावायचं कारणच उरत नाही. पण मुलं घाबरून उलट करतात. सत्राच्या सुरुवातीला संघटनांचे स्टॉल लागले की पंधरा ठिकाणी नाव नोंदवतात, ऑक्टोबरपर्यंत अकरा सुटतात, उरलेल्या चारांत कोणी त्यांना ओळखत नाही. दोन निवडा. एक जिथे तुम्हाला काही येतं, एक जिथे काही येत नाही. दोन्हीकडे असं एखादं काम मागून घ्या, जे दर आठवड्याला करावंच लागतं आणि करायला कोणी उत्सुक नसतं. कुठल्याही संघटनेत असं काम शिल्लक असतंच.

कन्सल्टिंग आणि गुंतवणुकीच्या क्लबांबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यांच्याकडे स्वतःच्याच मुलाखती असतात आणि पहिल्या वर्षी नकार येणं अगदी नेहमीचं. अल्फा कॅप्पा साय (1904) आणि डेल्टा सिग्मा पाय (1907) या जुन्या बिझनेस फ्रॅटर्निटींना, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्यावसायिक संघांनाही निवडप्रक्रिया असते. तिथे नाही झालं म्हणून ऑनर्सचं दार बंद झालं असं समजून एका मुलाने अर्जच केला नाही, हे मी पाहिलं आहे. क्लबवाले विद्यार्थी आणि प्रवेश समिती यांचा एकमेकांशी संबंध नाही. बिझनेसचा अर्ज म्हणून बिझनेसचाच क्लब हवा हाही गैरसमजच. वसतिगृहाच्या मजल्यावर दर रविवारी गणित शिकवणाऱ्या मुलाची ओळ मला जास्त पटते.

गावातल्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत शिकवणं कुठे बसतं, हे बरेच जण विचारतात. ते कॅम्पसबाहेरचं, म्हणून वेगळ्या शीर्षकाखाली लिहा, पण लिहा. सात वर्षांच्या, इंग्रजीतच विचार करणाऱ्या मुलांना दर आठवड्याला बाराखडीपाशी बसवून ठेवणं सोपं नाही. फक्त ‘मराठी शाळेत स्वयंसेवक’ एवढ्यावर थांबू नका. वर्ग किती मुलांचा, कोणता धडा तुम्ही बदलला, ते सांगा.

मुलाखत झालीच तर पदाधिकारी आणि कार्यकर्ता पहिल्या पाच मिनिटांत वेगळे होतात. ‘काय चुकलं होतं?’ असं विचारलं की पदाधिकारी म्हणतो, सगळं छान झालं. कार्यकर्त्याला नेमकं आठवतं: खोली दुसऱ्याच इमारतीत आरक्षित झाली होती, चाळीस जणांचं जेवण मागवलं आणि साठ जण आले, पाहुण्यांना पार्किंगचा पास पाठवायचा राहिला. ही आठवण पाठ करून येत नाही.

म्हणून आता कोणी रेझ्युमे घेऊन आलं की मी आधी तो बाजूला ठेवते आणि फोनमधलं कॅलेंडर उघडायला सांगते. सप्टेंबरपासून एकच संध्याकाळ दर आठवड्याला एकाच नावाने भरलेली दिसली, की मी विचारते, ‘इथे काय करत होतास?’ आणि लिहून घ्यायला लागते.