वॉर्डात न जमणारेच नर्सिंग शिकवतात का?

"जिला वॉर्डातलं काम झेपत नाही, ती सिस्टर शिकवायला जाते." बारावीचा निकाल लागला की सोलापुरात हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, मोबाईलवरही फिरतं.

आधी शिक्षिका होण्याचा रस्ता कसा आहे ते बघू. बीएस्सी नर्सिंग 4 वर्षांचं. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, 3 वर्षांची, त्यावर पोस्ट बेसिक बीएस्सी 2 वर्षं. एमएस्सी आणखी 2 वर्षं. या प्रत्येक टप्प्यात वॉर्डातल्या ड्यूट्या सक्तीच्या आहेत, त्या पुऱ्या केल्याशिवाय पदविका किंवा पदवी मिळत नाही. मग वॉर्ड टाळून शिक्षिका होणार कशी?

शिवाय शिकवणं वर्गात संपत नाही. पहिलं इंजेक्शन विद्यार्थिनी पुतळ्यावर देते. नंतर खऱ्या रुग्णाला देताना शिक्षिका शेजारी उभी असते. रुग्ण तोच ना, औषध, मात्रा, औषध देण्याचा मार्ग, वेळ बरोबर ना, हे तिच्याकडून तपासून घेते. आपल्याकडे कानडी किंवा तेलुगू बोलणाऱ्या आजींना "कुठं दुखतंय" हे कसं विचारायचं, तेही शिकवावं लागतं. आणि वॉर्डातला पहिला मृत्यू पाहून मुलगी गप्प झाली, तर तिच्याजवळ बसावं लागतं. मला तरी हेच काम सगळ्यात अवघड वाटतं.

खात्री करायची असेल तर कॉलेजकडून अभ्यासक्रम मागून घ्या आणि प्रात्यक्षिकाचे तास मोजा. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीलाही विचारा, पहिल्या ड्रेसिंगच्या वेळी शेजारी कोण उभं होतं.