शंभर मिलिमीटरची रेघ

आमवाताच्या, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या पेशंटचे डॉक्टर २८ सांधे दाबून बघतात. दुखणारे किती, सुजलेले किती, ते मोजतात. रक्ताचा ईएसआर, म्हणजे अंगात दाह किती आहे ते सुचवणारी तपासणी, बघतात. मग पेशंटपुढे एक कागद येतो, त्यावर १०० मिलिमीटरची आडवी रेघ. एका टोकाला तब्येत उत्तम, दुसऱ्या टोकाला अगदी वाईट. तुम्ही कुठे आहात, खूण करा.

या चार गोष्टींतून आजाराचा जोर सांगणारा डीएएस-२८ हा आकडा निघतो. २.६ च्या खाली आजार शांत, ५.१ च्या वर फार जोरात. रेघेवरच्या दर मिलिमीटरला ०.०१४ गुण. दुखरे सांधे, सूज आणि रक्त सारखंच असलेल्या दोघींपैकी एकीने २० वर खूण केली, दुसरीने ७० वर, की ०.७ चा फरक पडला. औषध वाढवायचं की नाही, हे तेवढ्यावर फिरू शकतं.

ही खूण करताना स्वभाव मध्ये येतो. लवकर धास्तावणारी, पटकन खिन्न होणारी माणसं शारीरिक तक्रारी जास्त सांगतात, पण त्या प्रमाणात त्यांच्यात आजार सापडतोच असं नाही, हे पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांनी १९८७ साली मांडलं. म्हणून त्यांचं दुखणं खोटं ठरत नाही. वेदना मेंदूत उमटते, आणि भीती, तुटलेली झोप तिला वाढवतात. शिवाय गाडी उलटीही चालते: सांध्यांतला दाह थकवा आणतो, मन खचवतो. वर्षानुवर्षं दुखणं सोसणारी बाई चिंताळू झाली, तर तो तिचा मूळ स्वभाव कशावरून?

विसाव्या शतकाच्या मध्यावर शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी मनातल्या दडपलेल्या संघर्षाशी जोडलेल्या सात आजारांत आमवातही धरला होता. ही कल्पना मागे पडली, ते फार बरं झालं. आधीच दुखणाऱ्या माणसाच्या माथी त्याचा स्वभाव मारणं क्रूरपणाचं आहे.

पेशंटचं मत वगळून मात्र चालत नाही. एलेन आयडलर आणि याएल बेन्यामिनी यांनी १९९७ साली २७ अभ्यास तपासले. ‘तब्येत कशी आहे?’ या साध्या प्रश्नाच्या उत्तराचा पुढच्या आयुर्मानाशी संबंध जवळजवळ सगळ्यांत दिसला, इतर आजार हिशेबात धरल्यावरसुद्धा. आमवात शमला असं म्हणण्याच्या एका आंतरराष्ट्रीय निकषात पेशंटचा स्वतःचा आकडा दहापैकी १ पर्यंतच चालायचा. २०२२ साली ती मर्यादा २ केली. बाकी सगळं शांत असूनही बरेच जण याच एका आकड्यावर अडकत होते.

माझ्या मते खूण कुठे आहे यापेक्षा ती तिथे का आहे, हे विचारायला हवं. सूज नाही, ईएसआर ठीक, तरी खूण ७० वर असेल, तर जालीम औषधाआधी झोप, उदासी, गुडघ्याची झीज तपासावी. आणि मनगट सुजलेलं असताना खूण १० वर करून ‘बरंय की’ म्हणणारीला विचारावं, कणीक मळता येते का? ओला कपडा पिळता येतो का? उकिडवं बसून उठता येतं का?