प्लेगच्या छावणीपासून इबोलाच्या वॉर्डापर्यंत : आपत्तीतल्या वैद्यकीय मानवशास्त्राची पार्श्वभूमी

1896 च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं आणि काही वर्षांत ही साथ देशावर पसरली. आजार पसरतो कसा, हे सरकारला नीट ठाऊक नव्हतं. हाताशी होता तो 1897 चा साथरोग कायदा आणि लष्कर. घरांच्या झडत्या झाल्या, अंथरुणं-पांघरुणं जाळली गेली, रेल्वे स्टेशनवर उतारूंच्या काखा-जांघा चाचपल्या जाऊ लागल्या, बायकांच्यासुद्धा. ज्याला ताप त्याला उचलून छावणीत नेत. घरच्यांना तो परत दिसेल याची खात्री नसे, आणि मेलाच तर त्याचे विधी कोण करणार याचं उत्तर कुणी देत नसे.

ऑक्टोबर 1896 मध्येच मुंबईच्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. 22 जून 1897 च्या रात्री पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. 1898 च्या सुरुवातीला आपल्या नाशिक जिल्ह्यात सिन्नरलाही प्लेगच्या बंदोबस्तावरून दंगल पेटली. हा इतिहास आपण शाळेत स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात शिकतो. मला तो आरोग्यसेवेचाही धडा वाटतो. 1897 च्या मार्च महिन्यात सावित्रीबाई फुले मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. रोग तोच, भीतीही तीच, पण तिथं रुग्णाला आणणारं माणूस ओळखीचं आणि मायेचं होतं.

लोक अडाणी होते म्हणून त्यांनी विरोध केला, असं तेव्हाचे अहवाल सुचवतात. पण ‘उंदीर पडला’ की घर सोडायचं आणि शेतात झोपड्या घालून राहायचं, हे आपल्या खेड्यांनी लवकरच अंगवळणी पाडलं. उंदरावरच्या पिसवेतून प्लेग पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये मांडलं. सरकारी आयोगानं ते मान्य करायला आणखी आठ-दहा वर्षं घेतली. सक्तीनं काम होत नाही, हे मात्र सरकारला बरंच आधी कळून चुकलं. शतक संपता संपता झडत्या सैल झाल्या, जातीजमातींची वेगळी इस्पितळं चालू दिली गेली आणि गावातल्या वजनदार मंडळींना मध्ये घेतलं गेलं. हे शहाणपण मार खाऊन आलं आणि साथ ओसरल्यावर फायलींत राहिलं. त्याचं शास्त्र व्हायला फार काळ गेला. ते शास्त्र म्हणजे वैद्यकीय मानवशास्त्र : लोक आजार कसा समजतात आणि उपचार का घेतात किंवा नाकारतात, याचा अभ्यास.

डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर आणि मानवशास्त्रज्ञही. त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला मांडलं की कुठल्याही समाजातले उपचार हे त्या समाजाच्या आजाराबद्दलच्या समजुतीतून तर्कानंच येतात. 1948 मध्ये जागतिक आरोग्य संघटना उभी राहिली आणि लसी, संडास, विहिरी घेऊन तज्ज्ञ गावोगाव पोचले. लोक ‘हो’ म्हणून वापरत का नाहीत, हे विचारायला मग मानवशास्त्रज्ञांना बोलावणं येऊ लागलं. 1970 च्या दशकात डॉक्टर-मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी डॉक्टरांनी रुग्णाला विचारायचे काही साधे प्रश्न सुचवले: हे कशानं झालं असं तुम्हाला वाटतं? आत्ताच का झालं? सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते? आपल्याकडची चांगली आशाताई हे प्रश्न न शिकताच विचारते.

आपत्तीच्या ठिकाणी मात्र या प्रश्नांना वेळ नाही, अशीच धारणा होती. 1971 मध्ये ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’ ही डॉक्टरांची संघटना स्थापन झाली आणि तंबू, औषधं, सर्जन घेऊन युद्धात-दुष्काळात तातडीनं पोचण्याची पद्धत रुळली. जीव वाचवणं पहिलं, बोलणं नंतर. ती धारणा हलली इबोलामुळे, म्हणजे रुग्णाच्या किंवा मृताच्या स्पर्शातून पसरणाऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारामुळे.

2000 साली उत्तर युगांडात गुलू जिल्ह्यात इबोलाची साथ आली. 425 रुग्ण, 224 मृत्यू. जागतिक आरोग्य संघटनेनं तिथं मानवशास्त्रज्ञ बॅरी ह्यूलेट यांना बोलावलं. लोक आजारी माणसाला लपवत होते, रुग्णवाहिका दिसली की पळत होते. कारणं शोधली तेव्हा कळलं की इस्पितळात मेलेल्याला पिशवीत घालून परस्पर विमानतळाजवळ पुरत; नातेवाइकांना तोंडही पाहायला मिळत नसे. प्रेतांचे अवयव काढून विकतात, अशी बोलवा त्यातून उठली. त्याच लोकांकडे, अचोली समाजात, साथीसाठी स्वतःचे जुने नियम होते. ‘गेमो’, म्हणजे साथ आणणारी दुष्ट शक्ती, आली असं ठरलं की रुग्णाला गावापासून दूरच्या घरात ठेवायचं, दारापाशी उंच गवताच्या काठ्या रोवायच्या म्हणजे परका आत येणार नाही, आणि शुश्रूषा त्या आजारातून उठलेल्या माणसानं करायची. नाच-मेळावे बंद, गावातून बाहेर जाणं बंद. बरा झाल्यावरही रुग्णानं महिनाभर वेगळं राहायचं आणि मेला तर गावाच्या कडेला पुरायचं. विलगीकरणात यापेक्षा निराळं काय सांगतात? बाहेरून आलेल्यांनी हे विचारलं असतं तर निम्मी भांडणं टळली असती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पुढच्या साथींत ही शिकवण उपयोगी पडली. उपचार केंद्राभोवतीच्या उंच ताडपत्रीच्या जागी कमी उंचीचं कुंपण आलं, त्यामुळे घरच्यांना आपला माणूस दिसू लागला.

तरी 2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेत बहुतेक चुका पुन्हा झाल्या. त्या साथीत 28 हजारांहून अधिक रुग्ण आणि 11 हजारांहून अधिक मृत्यू. गिनीतल्या वोमे गावात जनजागृतीसाठी गेलेल्या पथकातले आठ जण मारले गेले. मृतदेहाला अंघोळ घालण्याच्या रिवाजातून लागण होत होती हे खरं, पण ‘अंघोळ बंद’ एवढं सांगून भागत नव्हतं. त्याच वर्षी मानवशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन साथीवर काम करणाऱ्यांना सल्ला देणारा मंच उभारला. नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेनं दफनाची नवी पद्धत आणली. तिच्यात प्रार्थनेला, धर्मगुरूला, घरच्यांच्या उपस्थितीला जागा होती.

इथं एक इशारा द्यायला हवा, कारण आपल्याकडे तो लगेच लागू पडतो. अमेरिकी डॉक्टर-मानवशास्त्रज्ञ पॉल फार्मर हैतीत वर्षानुवर्षं काम करत हेच सांगत राहिले की गरिबीला ‘संस्कृती’ म्हणून खपवू नका. पश्चिम आफ्रिकेत दफनविधींवर इतकं बोललं गेलं की खाटा, डॉक्टर, गाड्या नव्हत्या हे झाकलं गेलं. सुरगाण्यात किंवा पेठमध्ये साप चावलेल्याला आधी भगताकडे नेतात, याला अंधश्रद्धा म्हणणं सोपं आहे. भगत पाड्यावरच असतो, मध्यरात्री उठतो. दवाखाना घाटाखाली आणि गाडी मिळेलच असं नाही. मानवशास्त्रज्ञ फक्त लोकांचं मन वळवायला बोलावला, तर तो रँडच्या पथकाचाच सौम्य अवतार ठरेल. व्यवस्थेला तिच्या त्रुटी दाखवणं हेही त्याचंच काम आहे.

2020 च्या एप्रिलमध्ये मालेगावनं हे सगळं आपल्या जिल्ह्यात दाखवलं. घरोघरी सर्वेक्षणाला गेलेल्यांना लोक माहिती देईनात, कारण त्याआधीचे काही महिने नागरिकत्वाच्या नोंदीची धास्ती गल्लोगल्ली होती. खासगी दवाखाने बंद पडल्यानं इतर आजारांचे रुग्णही दगावत होते. बंदोबस्त कायदा पुन्हा तोच, 1897 चा. लोक पुढे आले ते ओळखीचे स्थानिक डॉक्टर आणि मौलाना बोलू लागल्यावर. मनसुऱ्याच्या युनानी महाविद्यालयाचा काढाही घराघरांत पोचला. त्या काढ्यानं कोरोना बरा होतो असा माझा दावा नाही. पण जिथं तो वाटला जात होता, तिथं माणसं विश्वासानं येऊन बोलत होती आणि आरोग्य यंत्रणेला हीच संधी हवी होती.

आता सिंहस्थ येतो आहे. पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला. 27 ऑगस्ट 2003 च्या चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली, त्यामुळे रस्ते, घाट, कॅमेरे यांचा विचार होतो, व्हायलाच हवा. पण उपवासाच्या दिवशी बीपी-शुगरची गोळी न घेणारे किती? आडोसा मिळणार नाही म्हणून दिवसभर पाणी टाळणाऱ्या बायका किती? गावाच्या जथ्थ्यापासून तुटण्याच्या भीतीनं चक्कर येऊनही दवाखान्यात न थांबणारी म्हातारी कुणाशी बोलेल, कुठल्या भाषेत? याची उत्तरं रामकुंडावरचे आणि त्र्यंबकेश्वरचे तीर्थपुरोहित देऊ शकतात. कुठल्या गावची माणसं कुणाकडे उतरतात हे त्यांच्या नामावळीच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं आहे. धर्मशाळांचे व्यवस्थापक, पंचवटीतले फुलवाले, घाटावरचे सफाई कामगार यांनाही पुष्कळ ठाऊक असतं. आरोग्य विद्यापीठ नाशकातच आहे; त्याच्या विद्यार्थ्यांनी वही-पेन घेऊन हे आत्ता विचारायला हवं. पर्वणीच्या पहाटे प्रथमोपचाराच्या तंबूत फक्त सलाइन लावायला वेळ असतो.