काळी, चिकट आणि स्वस्थ न बसणारी: टेक्सासच्या 'ह्यूस्टन ब्लॅक' मातीची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याची माती म्हणून जी ओळखली जाते तिचे नाव 'ह्यूस्टन ब्लॅक'. गंमत अशी की ही माती ह्यूस्टन शहराची नव्हेच. तिचा पट्टा डॅलसच्या उत्तरेपासून दक्षिणेला सॅन अँटोनियोपर्यंत उतरत जातो. ह्यूस्टन शहर त्याच्या बाहेर, समुद्रकिनाऱ्याकडच्या सपाटीवर वसलेले आहे. नावाचा घोळ इथून सुरू होतो, पण इथे संपत नाही. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत या मातीला पाच-सहा नावे मिळाली, आणि प्रत्येक नावात मातीइतकाच नाव ठेवणाराही दिसतो.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला या मातीचे वर्णन नवे वाटणार नाही. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. पहिल्या पावसानंतर पायाला शेर-शेर चिखल. वाफसा आला म्हणेपर्यंत गेलेला. मात्र जन्म वेगळा. आपली काळी जमीन मुख्यतः दख्खनच्या बेसॉल्टपासून झाली, म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हापासून. टेक्सासची काळी माती समुद्राच्या तळातून आली. त्याहीआधी, क्रिटेशस काळाच्या उत्तरार्धात, उत्तर अमेरिकेच्या मधोमध उथळ समुद्र पसरला होता. त्याच्या तळाशी चुनखडीयुक्त चिकणमातीचे थर साचत गेले. ते वर आल्यावर झिजले, कुजले आणि त्यांची माती झाली. एकीकडे आग, दुसरीकडे पाणी, आणि हाती लागले तेच खनिज: स्मेक्टाइट.

सगळी कहाणी या खनिजाभोवती फिरते. पत्त्यांचा कॅट डोळ्यांसमोर आणा. स्मेक्टाइटचा कण म्हणजे तसाच एकावर एक रचलेल्या अतिसूक्ष्म पत्र्यांचा गठ्ठा. पाणी नुसते कणांच्या भोवती राहत नाही, पत्र्यांच्या मधेही शिरते आणि गठ्ठा फुगतो. पाणी गेले की आकसतो. ह्यूस्टन ब्लॅकमध्ये चिकणमातीचे प्रमाण साधारण 40 ते 60 टक्के असते, आणि तिच्यात स्मेक्टाइटचाच वरचष्मा. एवढा माल फुगायला-आकसायला लागला की जमीनच हलते.

गोऱ्या वसाहतकऱ्यांनी ही जमीन पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिथे पुरुषभर उंचीचे गवत होते. बिग ब्लूस्टेम, लिटल ब्लूस्टेम, इंडियनग्रास, स्विचग्रास ही तिथली मुख्य गवते. ही सगळी काळी प्रेअरी, म्हणजे गवताळ मैदान, सुमारे 1 कोटी 20 लाख एकरांची, आणि त्यातले जवळपास 15 लाख एकर ह्यूस्टन ब्लॅकचे. इतकी कसदार जमीन समोर असूनही सुरुवातीचे शेतकरी ओढ्याकाठची झाडीची किंवा रेताड जमीन पसंत करत. ते अडाणी होते असे मुळीच नाही. गवताच्या मुळांची गच्च वीण लाकडी नांगराला दाद देत नसे, कुंपणाला आणि चुलीला लाकूड नव्हते, विहिरीला पाणी लागणे कठीण होते. त्यांनी तिला नाव दिले 'ब्लॅक वॅक्सी', म्हणजे काळी मेणचट. नांगराच्या फाळाला ती मेणासारखी चिकटून बसे आणि दर थोड्या अंतरावर थांबून खरवडावी लागे. माझ्या मते हे नाव शेतकऱ्याने दिले म्हणूनच इतके नेमके आहे.

दुसरे एक नाव जमिनीच्या रूपाला मिळाले. न नांगरलेल्या प्रेअरीवर सपाटी अशी नसतेच. उंचवटा आणि खळगा, पुन्हा उंचवटा आणि खळगा, दर काही मीटरवर, साधारण वीतभर चढ-उताराचे. पावसात खळग्यांत पाणी साचे. डुकरे लोळून हे खड्डे झाले असावेत अशी समजूत पसरली आणि अशा जमिनीला 'हॉगवॉलो', म्हणजे डुकरांच्या लोळणीची प्रेअरी, म्हणू लागले. तिकडे ऑस्ट्रेलियात याच रूपाला तिथल्या आदिवासी भाषांतला 'गिल्गाई' हा शब्द होता. त्याचा अर्थ लहान पाणवठा. पुढे शास्त्रज्ञांनी तोच उचलला. डुकरांचा काही संबंध नव्हता, सगळी करामत स्मेक्टाइटची होती.

1870 च्या दशकात चित्र भराभर पालटले. 1872 मध्ये डॅलसला रेल्वे पोहोचली, 1874 मध्ये काटेरी तारेचे पेटंट झाले आणि लाकडाची अडचण निम्मी सुटली. पोलादी नांगर तर आधीच आलेले होते. गवत उलटले गेले आणि त्याजागी कापूस उभा राहिला. विसाव्या शतकाच्या तोंडावर टेक्सास अमेरिकेत कापसात आघाडीवर होते, आणि त्या कापसाचा गाभा हा काळा पट्टा होता. आपल्याकडे याच जातीच्या जमिनीला इंग्रजांनी 'ब्लॅक कॉटन सॉइल' म्हटले. दोन्हीकडे मातीची ओळख पिकाशी जोडली गेली ती अशी.

एकाच पिकावर भिस्त ठेवली की जे होते तेही झाले. 1892 मध्ये मेक्सिकोतून ब्राउन्सव्हिलजवळ कापसाचा बोंड सोंड्या हा किडा शिरला आणि दरवर्षी उत्तरेकडे सरकत गेला. 1903 मध्ये अमेरिकी कृषी खात्याचे सीमन नॅप यांनी याच काळ्या पट्ट्यातल्या टेरेल गावाजवळ वॉल्टर पोर्टर यांच्या शेतावर सुधारित शेतीचे प्रात्यक्षिक घेतले. सरकारी फार्मवर नाही, शेतकऱ्याच्या स्वतःच्या वावरात, त्याच्याच हातून. नुकसान झाले तर भरून देण्यासाठी गावातल्या लोकांनी पैशांची हमी दिली होती. ती वापरावी लागली नाही. अमेरिकेतल्या कृषी विस्तार सेवेची मुळे या शेतात शोधतात, आणि 1914 च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने तिला देशव्यापी रूप आले. आपल्या गावात कृषी सहायक येऊन एखाद्याच्या प्लॉटवर 'पीक प्रात्यक्षिक' अशी पाटी लावतो, ती पद्धत याच घराण्यातली.

आता थरांकडे येऊ, कारण मातीशास्त्रज्ञांची खरी पंचाईत तिथे झाली. मातीला थर असतात आणि ते वाचता येतात, ही दृष्टी रशियाच्या वासिली डोकुचायेव यांनी दिली. 1883 मध्ये त्यांनी रशियन काळ्या मातीवरचा, चेर्नोझेमवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. वरचा काळा थर, मधला थर, खाली मूळ खडक: अ, ब, क अशी मांडणी त्या परंपरेतून आली. अमेरिकेचे मृदा सर्वेक्षण 1899 मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याचे प्रमुख मिल्टन व्हिटनी यांचा भर मातीच्या पोतावर आणि खालच्या खडकावर होता. ह्यूस्टन ब्लॅकची नोंद 1902 ची. पुढे सर्वेक्षणाची सूत्रे घेणारे कर्टिस मार्बट यांच्या काळात रशियन विचार अमेरिकेत मुरला आणि प्रत्येक मातीत नीट आखलेले थर शोधणे हा रिवाज झाला.

ह्यूस्टन ब्लॅकचा दोन मीटरचा खड्डा घ्या आणि त्याच्या भिंतीसमोर चाकू घेऊन बसा. वरचा वीतभर थर नांगरटीचा. सुकल्यावर त्याची खडीसाखरेसारखी दाणेदार भुगी होते. तिच्याखाली काळाकुळकुळीत थर, कंबरेपर्यंत तरी. रंगात फरक नाही, पोतात नाही. रेघ मारायची कुठे? पण चाकूच्या टोकाने ढेकूळ हलकेच उकला, तो तिरका निघतो. पाचरीसारखा. निघालेली बाजू चकचकीत असते, जणू कोणी ओल्या हाताने सारवली, आणि तिच्यावर एका दिशेने बारीक ओरखडे. आजूबाजूची माती फुगताना एक तुकडा दुसऱ्यावर घासत सरकला, त्याची ती खूण. आणखी खाली काळा रंग करडा होतो, मग पिवळट-हिरवट झाक येते, चुनखडीचे पांढरे खडे वाढतात, आणि शेवटी फिकट मूळ थर लागतो. आम्लाचा थेंब टाकला तर वरपासून खालपर्यंत कुठेही फसफसते.

हे झाले एका जागी. खड्डा लांबवून चर केला तर निराळेच दिसते. खळग्याखाली काळा थर खोल उतरलेला आणि उंचवट्याखाली फिकट, चुनखडीची माती धुराड्यासारखी वर आलेली. म्हणजे चार पावले सरकली की 'थर' बदलला. पुस्तकातल्या आडव्या पट्ट्या इथे लाटा होतात. अशा मातीचा नमुना कोणत्या जागेचा म्हणून घ्यायचा, हा वाद मग बराच काळ चालला.

वर्गवारीतही तिची फरफट झाली. खाली चुनखडी आणि वर काळी माती, म्हणून तिला 'रेंडझिना' या युरोपीय गटात बसवले. हा गट मुळात चुनखडीवरच्या उथळ मातीसाठी. दोन मीटर खोल ह्यूस्टन ब्लॅक त्यात कशी मावणार? 1950 मध्ये ओक्स आणि थॉर्प या मृदाशास्त्रज्ञांनी उष्ण प्रदेशातल्या गडद चिकण मातींचा एकत्र विचार मांडला. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच रेंडझिना, ब्लॅक कॉटन सॉइल, मोरोक्कोकडची तिर्स आणि आपली रेगूर ही सगळी नावे ओळीने येतात. या साऱ्यांना त्यांनी एक नाव सुचवले: 'ग्रुमुसॉल'. टेक्सासची प्रेअरी आणि दख्खनचे पठार ही भावकी कागदावर आली ती अशी. 1956 मध्ये टेम्पलिन, मॉवरी आणि कुंझे यांनी ह्यूस्टन ब्लॅक ही या गटाची नमुना-माती म्हणून मांडली.

ग्रुमुसॉल हे नाव दहाच वर्षे टिकले. 1960 मध्ये अमेरिकेच्या नव्या वर्गीकरणाचा 'सातवा मसुदा' आला आणि त्यात 'व्हर्टिसॉल' हा स्वतंत्र गण आला. लॅटिनमधल्या 'उलटणे' या क्रियापदावरून. इथे मोठा बदल घडला, आणि तो नावापुरता नव्हता. रंग हा मुद्दाच वगळला गेला. माती काळी असो वा तपकिरी, तिच्यात किमान 30 टक्के चिकणमाती, ठराविक काळाने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या भेगा, आणि घासलेले चकचकीत पृष्ठभाग किंवा पाचरीसारखे ढेकूळ असले की ती व्हर्टिसॉल. ती दिसते कशी यापेक्षा वागते कशी याला महत्त्व आले. हे योग्यच झाले. काळेपणाने लोकांना फार फसवले होते: काळी म्हणजे सेंद्रिय पदार्थांनी ओतप्रोत, हा चेर्नोझेमवरून घेतलेला समज या गटातल्या बऱ्याच मातींना लागू पडत नाही. आपल्या काळ्या जमिनीत तर सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्याही आत असतो.

पण 'उलटणारी' या नावातही एक गृहीतक दडले होते. कल्पना अशी: कोरड्यात भेगा पडतात, वरची भुगी भेगांत पडते, पावसात खालची माती फुगली की जागा पुरत नाही, मग दाबाने माती वर ढकलली जाते. असे चक्र चालत राहून सगळी माती हळूहळू घुसळून निघते. कल्पना पटण्यासारखी आहे. मात्र पुढे रेडिओकार्बनने वय काढले तेव्हा खालचे सेंद्रिय द्रव्य वरच्यापेक्षा बरेच जुने निघाले. सगळे घुसळले गेले असते तर वय वर-खाली सारखे यायला हवे होते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातले लॅरी वाइल्डिंग आणि इतरांनी मग भर दिला तो घसरण्यावर: फुगण्याचा दाब तिरका वाट काढतो, मातीचे तुकडे एकमेकांवरून सरकतात, आणि त्यातून लाटा आणि उंचवटे घडतात. भेगांत भुगी पडते हे खरेच, पण तो मुख्य कारभार नव्हे. नाव मात्र व्हर्टिसॉलच राहिले.

या मातीचा पाण्याशी व्यवहारही दुटप्पी. भेगा उघड्या असताना पाऊस थेट खाली जातो, भेगा मिटल्या की जवळपास सगळाच वाहून जातो. 1930 च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासमधल्या रीझल इथे छोट्या पाणलोटांवर हा हिशेब मोजायला सुरुवात झाली. जवळच्या टेम्पल गावातल्या संशोधन केंद्रातून पुढे 'एपिक' आणि 1990 च्या दशकात 'स्वॉट' ही माती-पाण्याचा हिशेब मांडणारी संगणकीय प्रारूपे निघाली. गोदावरी-कृष्णा खोऱ्यांच्या अभ्यासात आज 'स्वॉट' सर्रास वापरतात.

आणि मग आली घरे. आपल्याकडे गावाची 'पांढरी' आणि 'काळी' ही विभागणी जुनी आहे. वस्ती पांढरीत, शेती काळीत. डॅलस शहर वाढले ते काळीवरच. रस्ते उखडू लागले, भिंतींना तिरके तडे गेले. टेक्सासच्या महामार्ग खात्याने दुसऱ्या महायुद्धानंतर रस्त्याखालच्या मातीत चुना कालवण्याचे तंत्र रुळवले, आणि त्याच खात्यातल्या चेस्टर मॅकडॉवेल यांनी 1956 मध्ये जमीन किती वर उचलली जाईल याचा अंदाज काढण्याची रीत दिली. घरमालकांचा उपाय याहून साधा: उन्हाळ्यात घराच्या पायाभोवती भोकांची रबरी नळी सोडून ठेवायची, म्हणजे माती आकसणार नाही. पावसाची आस शेतातल्या पिकाला नव्हे तर घराच्या पायाला, हे दृश्य मला अजूनही चमत्कारिक वाटते.

मूळ प्रेअरीचा आज एक टक्काही उरलेला नाही. उरलेले तुकडे म्हणजे बहुतेक गवताची कुरणे. दरवर्षी चारा कापला, पण नांगर कधी लावला नाही, म्हणून वाचली. तिथे अजून उंचवटा-खळगा जसाच्या तसा आहे आणि दोन्हींवरची झाडेझुडपेही वेगळी. शेजारच्या नांगरलेल्या शेतात जमीन शंभर वर्षांपूर्वीच सपाट झाली. तरी पेरणीआधी विमानातून घेतलेल्या फोटोत त्या शेतावर फिकट-गडद ठिपक्यांची नक्षी उमटते: उंचवटे होते तिथे फिकट, खळगे होते तिथे काळे.