रंग न पिणारा हस्तिदंत
कागद जलरंग पितो, हस्तिदंत पीत नाही. रंग वरच बसतो आणि दुसरा हात देताना ब्रश किंचित जास्त ओला असला की खालचा थर उचलून येतो. तरीही 1700च्या सुमारास व्हेनिसची चित्रकार रोझाल्बा कारिएरा हिने लघुचित्रांसाठी हस्तिदंत वापरायला सुरुवात केली आणि फोटोग्राफी येईपर्यंत तळहातावर मावणारी व्यक्तिचित्रं त्यावरच रंगत राहिली. इंग्रज लघुचित्रकार जॉन स्मार्ट तर 1785 ते 1795 मद्रासला येऊन हेच काम करत होता. त्या वर्षांतल्या सहीखाली तो इंडियाचा 'आय' घाली.

एवढी कटकट सोसायची ती उजेडासाठी. हस्तिदंताच्या पातळ चकतीत शिरलेला प्रकाश आतल्या आत विखरून परत येतो, त्यामुळे गालावरचा रंग आतून उजळल्यासारखा वाटतो. त्वचेवर अपारदर्शक पांढरा चढवला की ही सगळी मजा गेली. काही चित्रकार तर चेहऱ्यामागे चांदीचा पातळ पत्रा ठेवत.

खरी मेहनत रंगाआधीची. चकती कागदांत ठेवून गरम इस्त्रीने दाबायची म्हणजे तेलकटपणा निघतो. मग प्यूमिस या सच्छिद्र दगडाच्या बारीक पुडीने घासायची. तुकतुकीत राहिली तर रंगाचे थेंब होतात, खरखरीत राहिली तर ओरखड्यांत रंग साचतो. त्यानंतर बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं तिथे रंग धरत नाही.

रंगात अरबी डिंक असतो. तो जास्त झाला तर थर तडकून पापुद्रे सुटतात, म्हणून चिमूटभर खडीसाखर घालत. साखर जास्त झाली की चित्र चिकट राहून धूळ धरतं. ब्रश जवळजवळ कोरडा. एक रेघ ओढायची आणि ती वाळेपर्यंत तिथे परत जायचं नाही. भिंगातून पाहिलं तर गाल म्हणजे निळसर, तपकिरी, लालसर रेघा-ठिपक्यांची जाळी. हातभर अंतरावरून मात्र सलग कातडी. चुकलेला ठिपका सुईच्या टोकाने खरवडून काढत.

हस्तिदंतातलं कोलॅजन हे प्रथिन हवेतली ओल घेतं, सोडतं. चकती मागच्या पुठ्ठ्याला पक्की चिकटवलेली असेल तर ती वाकते आणि शेवटी चिरते. ओल्या फडक्याने पुसलं तर चेहराच फडक्यावर येईल. उजेड 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर नको, कारण कार्माइन नावाचा लाल रंग सगळ्यात आधी उडतो. जुन्या चित्रांतली कित्येक माणसं निळसर, आजारी दिसतात ती त्यामुळे. रंगवली तेव्हा ती चांगली गुलाबी होती.